सही कोणाची चालते?



खेड्याचे काय बिघडले, हे सांगणारे पंडित पुष्कळ आहेत. कोणी म्हणतो खेडूत अडाणी, कोणी म्हणतो व्यसनी, कोणी म्हणतो पूर्वीची एकी राहिली नाही. आमचे म्हणणे साधे आहे. खेड्यात जे पिकते त्यावर सही दुसऱ्याची चालते, हे पहिले दुखणे. ती सही परत मागण्यासाठी गाव एकत्र बसत नाही, हे दुसरे.

बांबूचेच घ्या. शास्त्र सांगते, बांबू हे गवत. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवले. झाड ठरले की तोडायला परवानगी आली आणि वाहून न्यायला पास आला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू सरकारी कराराने कागद गिरणीला जात राहिला. जंगलाच्या कुशीतल्या माणसाला मात्र कुडाच्या भिंतीसाठी चार बांबू आणायचे तर गार्डाची मर्जी सांभाळावी लागे.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावरचा हक्क गावाचा मानला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला, पण पास मिळेना. वन खात्याच्या लेखी बांबू झाडच होता. माल गावाबाहेर नेता येत नसेल, तर ती मालकी काय चाटायची? गाव अडून बसले. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, आणि पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे गावाने आपला बांबू आपण निविदा काढून विकला.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाला. तेही गाव बांबू स्वतः विकते. तेंदूपानाचा हंगाम मात्र त्यांनी आपणहून बंद केला. पानांसाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, जंगल मरते, असा त्यांचा हिशेब. हातचा पैसा सोडण्याचा निर्णयही मालकच घेऊ शकतो. मजुराला तो अधिकार नसतो.

कापूसवाल्यांना ही गोष्ट परकी वाटायला नको. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. पुढची जवळजवळ तीस वर्षे आपल्या शेतातला कापूस हवा तिथे विकण्याची आपल्याला मोकळीक नव्हती. हद्दीपलीकडे आंध्रात भाव चढा असला तरी गाडी नाक्यावर अडत होती. त्यांचा बांबू आणि आपला कापूस एकाच दावणीला बांधलेले होते.

मग मेंढ्याला जमले ते आपल्याला का जमत नाही? कायदा तर शेकडो गावांसाठी होता. फरक असा की मेंढ्याचे लोक कायदा येण्याच्या वीस वर्षे आधीपासून बसत होते. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध आदिवासी उठले, त्या हवेत या गावाची बैठक घडली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातले कार्यकर्ते होते, चंद्रपूरचे मोहन हिराबाई हिरालाल अभ्यासाला सोबत होते. अभ्यास गटात प्रश्न समजून घ्यायचा आणि ग्रामसभेत सर्वांच्या संमतीने ठरवायचा, ही त्यांची रीत. हात वर करून बहुमत नाही. एकाचाही विरोध असेल तर थांबायचे, पुन्हा बोलायचे. बायाही बरोबरीने बसतात. कायदा आला तेव्हा तो पेलणारे खांदे तयार होते.

आपल्याकडे काय आहे? पंचायतीची निवडणूक झाली की गावात दोन पार्ट्या. सोसायटीची झाली की तिसरी. एका पार्टीने बोलावले की दुसरी येत नाही. ग्रामसभा रजिस्टरात भरते आणि सह्या घरोघर फिरून होतात. व्यापारी हे सगळे जाणतो. म्हणून तो पन्नास शेतकऱ्यांना पन्नास भाव सांगतो.

आमच्यासारख्या गावात हे काम जंगलातल्या गावाहून अवघड आहे, हे आम्ही जाणतो. जाती अनेक आहेत. दहा एकरवाला आहे, दोन एकरवाला आहे, आणि वेचणीला येणारी भूमिहीन बाई आहे. तिघांचे हित प्रत्येक वेळी एक नसते. पूर्वीच्या ज्या एकीचे गोडवे गातात, तिच्यात या बाईला बोलायची सोय नव्हती. ती एकी आम्हाला परत नको. पण भाव पडला की तिची मजुरीही पडते, तेव्हा बैठकीत तिची जागा पहिल्या रांगेत असली पाहिजे.

म्हणून आमची मागणी सरकारकडे नंतर, आधी आपल्याकडे. वेचणीपूर्वी गावाने एकदा बसावे. एक वही करावी. किती एकर कापूस, किती ज्वारी, सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज किती, रानडुकरांनी किती खाल्ले, मागच्या साली कोणी कोणत्या भावाने विकले, हे सर्वांसमोर लिहावे. मोजताना भांडण होईल, होऊ द्यावे. ज्या गावाला आपला हिशेब ठाऊक आहे, त्याला भाव सांगताना समोरचा दहादा विचार करतो.

जिल्हा बैठकीला येताना ती वही घेऊन या. भाषणे पुष्कळ झाली, यावेळी वह्या वाचू.