आधी सही दाखवा

जे कर्ज आपण घेतलं नाही, ज्याच्या कागदावर आपली सही नाही, त्याचा एक रुपयाही भरायचा नाही. कटकट मिटावी म्हणून नाही, बदनामी नको म्हणून नाही, अब्बांची झोप उडाली म्हणूनही नाही. गोष्ट इतकी सरळ आहे की तिच्यावर लेख लिहायची गरज पडू नये. पण आपल्या घरांमध्ये असे पैसे भरले जातात. भरणारे बहुतेक वेळा प्रामाणिक लोक असतात, कुणाचं देणं डोक्यावर नको असं मनापासून मानणारे. वसुलीचा दमदाटीचा धंदा त्यांच्या याच चांगुलपणावर चालतो.

गेल्या वर्षी ही वेळ माझ्यावर आली. एका फायनान्स कंपनीचं हॉस्पिटलच्या बिलासाठी दिलेलं कर्ज माझ्या नावावर थकलेलं दाखवत होतं. रक्कम 1 लाख 38 हजार रुपये. मोठ्या हॉस्पिटलांत हल्ली बिलिंग काउंटरजवळ कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस बसलेला असतो. नातेवाइकांकडे पैसे कमी पडले की तो फॉर्म भरून घेतो, कंपनी रक्कम थेट हॉस्पिटलला देते आणि घरचे लोक हप्ते फेडत राहतात. ज्या हॉस्पिटलचं हे बिल होतं, ते मी पाहिलेलंही नव्हतं. तरी वसुली एजंटचे फोन आधी मला आले, मग अब्बांना, मग ऑफिसच्या रिसेप्शनवर. मी कोण हे नीट विचारण्याआधीच त्याने मला पेशंटचं नाव, तिचं वय आणि तिचं कसलं ऑपरेशन झालं हेसुद्धा सांगून टाकलं. एका अनोळखी बाईचं आजारपण तो चव्हाट्यावर मांडत होता आणि माझ्या इज्जतीची किंमत मागत होता. शेवटी ऑफर आली: 20 हजार भरा, फाइल बंद करतो. घरातल्या मोठ्यांचं मत पडलं, "दे डाल, पीछा छूटेगा."

माझं म्हणणं हे की पीछा सुटत नाही. पैसे भरले की ते कर्ज आपलं होतं असं आपणच मान्य केल्यासारखं होतं. उद्या कितीही सांगितलं की माझा काही संबंध नव्हता, तरी समोरचा पहिला प्रश्न विचारणार: मग भरले कशाला? दुसरं, थोडक्यात मिटवलेलं कर्ज क्रेडिट रिपोर्टवरून पुसलं जात नाही. तिथे 'सेटल्ड' असा शेरा बसतो. त्याचा अर्थ असा की या माणसाने पूर्ण पैसे फेडले नाहीत. चार वर्षांनी घरासाठी कर्ज काढायला जाल, तेव्हा बँक तो शेरा वाचेल. आणि तिसरं, ओरडून पैसे मिळतात हे कंपनीला एकदा कळलं की कागद तपासायची मेहनत ती कशाला घेईल?

अशा चुका होतात कशा, ते मला कामामुळे ठाऊक आहे. नावं जुळवणारे प्रोग्रॅम लिहिणं हा माझ्या नोकरीचा भाग राहिलेला आहे. कर्ज देणाऱ्या कंपन्या आपली माहिती सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार क्रेडिट ब्युरोंना देतात. पॅन बरोबर असेल तर माणूस ओळखणं सोपं असतं. तो रकाना रिकामा राहिला की नाव, जन्मतारीख, मोबाइल आणि पत्ता यांच्यावर भिस्त येते. आता आपली नावं पाहा. 'शेख' इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहितात. कुठे तो नावाच्या आधी येतो, कुठे शेवटी. मोहम्मदचं कधी 'एमडी' होतं, कधी 'मोहद'. एकाच मोहल्ल्यात एकाच नावाची तीन माणसं सहज सापडतात. आपल्या आईवडिलांच्या पिढीत जन्मतारीख माहीत नसली की मास्तर शाळेत सर्रास 1 जून लावून टाकत. बंद केलेला मोबाइल नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणजे त्याच्या थकबाकीचे फोनही. यात कुणाचा कट नाही, निव्वळ आळस आहे. पण त्या आळसाचा भुर्दंड नेहमी फोन उचलणाऱ्यालाच बसतो.

कर्ज ही आपल्याकडे हलकी गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. जनाज्याच्या वेळी घरचा माणूस उभा राहून सांगतो, मरहूमकडे कुणाचं देणं निघत असेल तर आमच्याशी बोला. हा संस्कार मोलाचा आहे. पण कुरआनातली सर्वात लांब आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. तेव्हा कागद मागणं हा उद्धटपणा नाही आणि देणं चुकवणंही नाही. तिच्याच जरा आधी, 280व्या आयतीत, तंगीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत देण्याची गोष्ट आहे. म्हणून एजंट जेव्हा मला म्हणाला, "तुमच्या भागात या नावाचा दुसरा कोण राहतो, तेवढं सांगा," तेव्हा मी नकार दिला. बायकोच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढून अडकलेल्या माणसाच्या मागे वसुली लावून द्यायला मी त्यांचा खबऱ्या नाही.

आता काय करायचं ते. फोनवर एजंटला पटवत बसू नका आणि त्याच्या व्हॉट्सॲपवर आधार-पॅनचे फोटो मुळीच पाठवू नका. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा किंवा रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा. मजकूर चार ओळींचा: हे कर्ज माझं नाही. कर्जाचा करार, सही किंवा ओटीपीची नोंद, केवायसीची कागदपत्रं आणि फोटो दाखवा. पैसे कुठल्या खात्यात गेले ते सांगा. तोवर मला आणि माझ्या घरच्यांना फोन करू नका. रिझर्व्ह बँकेच्या 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकानुसार सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना छळताही येत नाही. प्रत्येक फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहा.

त्याच दिवशी चारही ब्युरोंकडून आपला रिपोर्ट काढा. प्रत्येकाकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. चुकीची नोंद दिसली की तिथेच तक्रार नोंदवा. ती 30 दिवसांत निकाली लागली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2023 मध्ये काढलेला हा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही. कुणी तुमचा पॅन वापरून खरंच कर्ज उचललं असेल तर तो गुन्हा आहे. 1930 वर फोन करा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या.

आणखी एक भीती काढून टाका. भावाने काढलेलं कर्ज तुम्ही जामीन म्हणून सही केली नसेल तर तुमचं होत नाही. वारलेल्या वडिलांचं कर्ज वारसाकडून कायद्याने वसूल होतं, ते वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. त्यापुढे मनाने फेडायचं असेल तर ती तुमची नेकी आहे, एजंटचा हक्क नाही.

माझ्या प्रकरणात कागद आले तेव्हा सगळं उघड झालं. पॅनचा रकाना रिकामा, फोटो दुसऱ्याच माणसाचा, सही उर्दूत. जुळलं होतं ते फक्त नाव, आडनाव आणि पिनकोड. नोंद काढायला 47 दिवस लागले. वरच्या 17 दिवसांचे 1700 रुपये मी मागून घेतले. अब्बांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

यावर एक मित्र म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस, इंग्रजीत मेल लिहितोस. फळांच्या गाडीवर उभा असलेल्या बागवानाने काय करायचं?" प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर हे वाचणारे तुम्ही आहात. लोकपालाला साध्या कागदावर मराठीतही तक्रार पाठवता येते. 14448 वर माहिती विचारता येते. गल्लीत दहावी-बारावीचे फॉर्म भरून देणारी मुलं आहेत, तशी महिन्यातून एका रविवारी लोकांचे रिपोर्ट काढून वाचून दाखवणारीही हवीत. त्याला लागतो एक मोबाइल आणि दोन तास.

पण सगळा भार आपणच का उचलायचा? अमेरिकेत हॉस्पिटलच्या बिलांची वसुली हा फार मोठा धंदा आहे आणि तिथेही लोक छळले जातात. तरी तिथे 1977 सालापासून कायदा आहे: कर्जाचा तपशील मिळाल्यापासून 30 दिवसांत माणसाने लेखी हरकत घेतली, तर पडताळणीचा कागद धाडेपर्यंत एजंटला वसुली थांबवावी लागते. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं आहेत आणि ती कामाला येतात, पण असा कायदा संसदेने करायला हवा. त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: आधी कागद, मग फोन, आणि पेशंटच्या आजाराबद्दल वसुलीवाल्याने तोंडातून एक शब्दही काढायचा नाही. आपल्या आमदार-खासदारांकडे कब्रस्तानची भिंत आणि शादीखाना मागतो, तसं हेही मागितलं पाहिजे.

तोवर पुढचा फोन येईल तेव्हा आवाज चढवू नका, घाबरूही नका. एवढंच म्हणा: सही दाखवा. दाखवता येत नसेल तर ज्याचं कर्ज, त्याच्याकडे मागा, आणि त्याच्याकडेही माणुसकीने मागा.