वावरातलं प्लास्टिक पावसाआधी उचला

मिरचीची उलंगवाडी झाली की मल्चिंग पेपर काढावा लागतो. पंचवीस-तीस मायक्रॉनचा तो पातळ पेपर उन्हानं असा ठिसूळ होतो, की ओढला तर हातात चिंध्याच येतात. मातीत दाबलेल्या कडा वावरातच राहतात आणि वरून रोटाव्हेटर फिरला की त्यांचा चुरा होतो. मी मोर्शी तालुक्यात संत्रा आणि मिरची करतो. ठिबकच्या फुटक्या नळ्या आणि फवारणीचे रिकामे डबे इथे धुऱ्याधुऱ्यावर दिसतात.

पाच मिलिमीटरहून लहान तुकडा म्हणजे मायक्रोप्लास्टिक. मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात हा चुरा मातीसोबत नाल्यात जातो, नाल्यातून वर्धेत. पुढे वैनगंगा भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरी लागते आणि आंध्रात कोरिंगाच्या खारफुटीपाशी समुद्र.

तिथे गोड्या पाण्यात खारं पाणी मिसळतं. तुरटी फिरवल्यावर गढूळ पाणी निवळतं, तसे मिठामुळे गाळाचे कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि प्लास्टिकला सोबत घेऊन तळाला बसतात. भरती त्यातलं काही पुन्हा आत लोटते, काही खारफुटीची मुळं अडवून धरतात. त्याच चिखलात कोळंबी, खेकडे आणि माशांची पिल्लं वाढतात.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, असं कुणी म्हणालं की मी सिंभोऱ्याकडे बोट दाखवतो. तिथल्या अप्पर वर्धा धरणात पाणी थबकतं, म्हणून गाळ बसतो आणि त्यात हा चुराही अडकतो. अमरावती शहर याच धरणाचं पाणी पितं.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातल्या नद्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पुरानं नदीच्या तळातलं सुमारे 70 टक्के मायक्रोप्लास्टिक वाहून नेल्याचं त्यात आढळलं. पूर नदीचा तळ धुतो, पण ती घाण खालच्या माणसाच्या दारात नेऊन टाकतो. म्हणून प्लास्टिक उचलायचं ते मे महिन्यातच.

एकट्या शेतकऱ्याच्या मजुरीत हे बसत नाही. ग्रामपंचायतीनं गावात आणि बाजार समितीनं आवारात मे महिन्यात संकलन केंद्र उघडावं. केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमांनी वेष्टनाच्या प्लास्टिकची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या नळ्यांनाही तोच न्याय लावा. मल्चिंगला सरकार अनुदान देतं. तसेच जुना पेपर परत आणणाऱ्यालाही किलोमागे पैसे मिळाले पाहिजेत. पेपर अंथरायला मदत होते, तर गोळा करायलाही व्हावी, एवढीच माझी मागणी आहे.