सोयरीक आणि स्नेह

ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकांस एक कथानक चांगलें ओळखीचें असतें. दोन घराण्यांचें वैर मिटावें, एखादा किल्ला हातीं यावा किंवा शत्रूविरुद्ध फौज मिळावी, म्हणून कोणी राजकन्या परक्या घरीं दिली जाते. आरंभीं पतिपत्नी एकमेकांशीं मोजकेंच बोलतात. मग एखादें संकट येतें. आणि शेवटीं राज्याच्या सोयीसाठीं बांधलेली गांठ अंतःकरणाची गांठ होऊन बसते. असलें कथानक आमच्या घरोघरीं आवडीनें वाचलें जातें, आणि त्यांत नवल नाहीं. आमच्याकडील बहुतेक विवाह आधीं दोन घरांत ठरत आले आहेत व मागाहून दोन मनांत. परंतु या कथानकाच्या आधारावर, ‘प्रीति काय, लग्नानंतर आपोआप जडते’ असा जो सिद्धांत वडील मंडळी मुलामुलींपुढें ठेवितात, तो इतिहासास कितपत मान्य आहे, हें पाहण्याचा आज आमचा विचार आहे.

त्यासाठीं परभणी जिल्ह्यांतील पाथरीपासून आरंभ करणें सोयीचें होईल. गोदावरीच्या खोऱ्यांतील हें जुनें गांव. अहमदनगरच्या निजामशाहीचें मूळ येथलें, असें फिरिश्ता या इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचा बाप मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण असून त्याचें पहिलें नांव तिमाभट होतें, व त्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी होते, अशी ती हकीकत आहे. पुढें १५१८ सालीं बुऱ्हाण निजामशहानें वऱ्हाडच्या इमादशाहीपासून पाथरी जिंकून घेतली, तीही या पूर्वजांच्या गांवाच्या ओढीनेंच, असें तोच सांगतो. या बुऱ्हाणची नात म्हणजे सुप्रसिद्ध चांदबिबी.

चांदबिबीचा विवाह म्हणजे शुद्ध राजकारण होतें. विजयनगरच्या रामरायाविरुद्ध दक्षिणेंतील सुलतानांस एक व्हावयाचें होतें. पण अहमदनगर आणि विजापूर यांच्यामध्यें सोलापूरच्या किल्ल्यावरून पिढीजात तंटा होता. तोड निघाली ती सोयरिकींतून. हुसेन निजामशहानें आपली कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहास दिली, आणि सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून गेला. उलट अलीची बहीण हुसेनच्या मुलास, मुर्तझास, देण्यांत आली. आमच्याकडे ज्यास साटेंलोटें म्हणतात, तेंच हें. १५६५ च्या जानेवारींत तालिकोटची लढाई झाली, रामराय मारला गेला, आणि ज्या कामासाठीं हे विवाह जुळविले होते तें काम झालें. किल्ल्यासारखीच दुसऱ्याच्या हवालीं केलेली ती मुलगी मात्र विजापुरांत राहिली.

तिचें पुढें काय झालें? तिच्या पतीनें १५७९ सालीं विजापुरांत एक भव्य विहीर बांधविली. ती ‘चांद बावडी’ या नांवानें आजही ओळखली जाते. चांदबिबी घोड्यावर बसून पतीबरोबर शिकारीस व स्वारीस जाई आणि राजकारणांत त्यास सल्ला देई, असें परंपरा सांगते. १५८० सालीं अलीचा खून झाला. त्यास अपत्य नव्हतें. त्याचा लहानगा पुतण्या इब्राहीम गादीवर आला, आणि त्याच्या पालनपोषणाची व राज्याची जबाबदारी या परक्या घरच्या स्त्रीवर पडली. एका कारभाऱ्यानें तिला साताऱ्याच्या किल्ल्यांत कैदेंत टाकिलें. तेथून सुटून ती पुन्हां विजापुरास आली. पुढें १५९६ सालीं अहमदनगरच्या तटास मोंगलांनीं भगदाड पाडलें, तेव्हां ती स्वतः शस्त्र हातीं घेऊन तटावर उभी राहिली व रातोरात तें भगदाड तिनें बुजवून घेतलें. ही हिंमत एका दिवसांत येत नाहीं. सासरीं राज्याचा भार जिच्या हातीं विश्वासानें दिला गेला, तिच्याच अंगीं ती येते. निजामाच्या राज्यांत आयुष्याचा मोठा काळ घालविलेल्या मेडोज टेलर साहेबांनीं १८७८ सालीं ‘ए नोबल क्वीन’ ही कादंबरी चांदबिबीच्या काळावर लिहिली, ती याच हिंमतीच्या मोहानें.

आतां याच घराण्यांतील दुसरी सोयरीक पाहा. चांदबिबीनें ज्याचें पालन केलें त्या इब्राहीम आदिलशहानें मोठेपणीं आपली मुलगी अकबराचा पुत्र दानियाल यास दिली. १६०४ सालीं गोदावरीच्या कांठीं, पाथरीच्या वरच्या अंगास असलेल्या पैठणास, हा विवाह झाला. वधूस पोंचविणाऱ्या मंडळींत स्वतः फिरिश्ता होता. मोंगलांशीं सलोखा ही विजापूरची सोय. परंतु वर्षभरांतच दानियाल मद्यपानानें मरण पावला. नदी तीच आणि हेतुही तोच. पण या लग्नांतून ना स्नेह फुलला, ना कोणास कादंबरी सुचली. सोयीच्या पोटीं प्रीति आपोआप जन्मत असती, तर ती येथेंही जन्मास यावयास हवी होती.

मराठी वाचकांच्या मनांत या विषयाचें सर्वांत प्रिय चित्र म्हणजे माधवराव पेशवे आणि रमाबाई यांचें. १७५३ सालीं लग्न झालें तेव्हां माधवराव आठ वर्षांचे होते. वडील मंडळींनीं लग्न ठरविलें आणि मुलें बोहल्यावर उभीं राहिलीं. याच गोदेच्या कांठीं, राक्षसभुवनास, १७६३ सालीं माधवरावांनीं निजामाचा पराभव केला. रणजित देसाई यांनीं १९६२ सालीं ‘स्वामी’ लिहिली, आणि अवघ्या सत्तावीस वर्षांचें आयुष्य लाभलेल्या या पेशव्याच्या संसारास वाचकांच्या मनांत कायमचें घर मिळालें. दोघांचें एकांतांतील बोलणें कादंबरीकाराचें आहे. कागदपत्रांत तें सांपडावयाचें नाहीं. पण १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें माधवराव क्षयानें गेले व रमाबाई सती गेल्या, हा इतिहास आहे. तें पान वाचतांना डोळे भरून येतात; यावेत. मात्र त्या आंसवांत एक गोष्ट वाहून जाऊं नये: ज्या काळीं पत्नीच्या प्रीतीची परीक्षा चितेवर घेतली जाई, आणि पतीच्या प्रीतीची मुळींच घेतली जात नसे, त्या काळाचा न्याय पांगळा होता.

आतां आपल्या घराकडे वळूं. किल्ले गेले, पण सोयी राहिल्या आहेत: मुलाची नोकरी, शहरांतील जागा, परदेशांतील वास्तव्य, दोन वडिलांची जुनी मैत्री. सोय पाहण्यास आमचा विरोध नाहीं. आमच्या आज्यापणज्यांचे कितीतरी संसार अशाच सोयरिकींतून उभे राहिले व सुखाचे झाले. परंतु जे सुखाचे झाले त्यांच्या मुळाशीं पाहावें. तेथें सुनेच्या हातीं कधीं तरी किल्ल्या आल्या होत्या, तिचा शब्द विचारांत घेतला गेला होता, आजारपणांत पति उशाशीं बसला होता. जेथें हें घडलें नाहीं, तेथें चाळीस वर्षांचा संसार होऊनही दोघें एका छपराखालचे शेजारीच राहिले. असलीं घरें आमच्या वाचकांच्याही पाहण्यांत असतील.

तेव्हां वडील मंडळींस आमची विनंति इतकीच. मुलीस व मुलास आधीं विचारावें, आणि ‘नाहीं’ हें उत्तरही ऐकून घ्यावें. चांदबिबीस विचारावयाचें कोणाच्या मनांतही आलें नसेल. आपल्यास ती सबब नाहीं. आणि तरुणांस सांगणें असें कीं, कादंबरी वाचतांना चंद्रप्रकाशाचीं पानें जरूर वाचा. पण ज्या पानावर नायक पहिल्यानें पत्नीस विचारतो, ‘आतां काय करावें, तुम्हांस काय वाटतें?’ तेथें क्षणभर थांबा. स्नेहाचा आरंभ त्या पानावर आहे, आणि तें पान प्रत्येकास आपल्या संसारांत स्वतःच लिहावें लागतें.