हरलेल्या नागरिकाला सरकारी वकिलाचे बिल?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ असे आपल्याकडे जुने लोक सांगत आले. आता ती पायरी आणखी उंच करण्याची भाषा अधूनमधून कानावर येते. सरकारविरुद्ध कोर्टात जाऊन जो हरेल, त्याच्याकडून सरकारी वकिलांची फी वसूल करावी, असे म्हटले जाते. कारणही तयार असते : फालतू याचिकांवर जनतेचा पैसा का उधळायचा?

दोन शेजाऱ्यांच्या बांधाच्या भांडणात हा न्याय चालू शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा, हे सूत्र आहेच. पण सरकार म्हणजे बांधावरचा शेजारी नव्हे. त्याच्या वकिलांची फी तिजोरीतून जाते आणि त्या तिजोरीत समोर उभ्या असलेल्या माणसाचाही कर असतो. सरकार हरले तर निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशाला सहसा तोशीस लागत नाही. नागरिक मात्र दागिने मोडून वकील उभा करतो. हरल्यावर त्याने दोन्ही बाजूंच्या वकिलांची फी भरायची, याला बरोबरी म्हणता येणार नाही.

सरकारविरुद्ध कोर्टात कोण जातो, तेही पाहा. प्रयागराजमध्ये २०२१ साली काही घरांवर बुलडोझर चालला. घरमालक अलाहाबाद उच्च न्यायालयात हरले, तरी पुढे गेले. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली आणि प्रत्येक घरमालकाला १० लाख रुपये द्यायला प्राधिकरणाला सांगितले. उच्च न्यायालयात हरल्याच्या दिवशीच त्यांच्या हाती सरकारी वकिलांचे बिल ठेवले असते, तर घर गमावलेल्या त्या माणसांनी दिल्ली गाठली असती का? खालच्या कोर्टात हरलेला माणूस खोटाच असतो असे नाही. अपिलाची सोय त्यासाठीच तर आहे.

भीती कशी पसरते, याचे उदाहरणही समोर आहे. छत्तीसगडच्या गोमपाड येथील आदिवासींच्या हत्यांची स्वतंत्र चौकशी हवी, म्हणून हिमांशू कुमार २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२२ मध्ये याचिका फेटाळताना न्यायालयाने त्यांना ५ लाखांचा दंड लावला. ही वकिलाची फी नव्हती. पण उद्या अशाच प्रकरणात कोर्टात जाऊ पाहणारा आधी ५ लाखांचा हिशेब करील, मग न्यायाचा. हीच तलवार सरकारच्या हाती कायमची द्यायची का?

दक्षिण आफ्रिकेने यातून वाट काढली आहे. जनुकीय बियाण्यांच्या परवान्यांची माहिती मागणाऱ्या बायोवॉच या संस्थेला कोर्टाने बरीचशी माहिती मिळवून दिली, पण मोन्सँटो कंपनीचा खर्चही तिच्यावरच टाकला. २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि नियम घालून दिला : घटनात्मक हक्काच्या लढाईत सरकार हरले तर त्याने समोरच्याचा खर्च द्यावा, नागरिक हरला तर ज्याने त्याने आपापला सोसावा. दावा निव्वळ छळण्यासाठी किंवा पोरकटपणे केला असेल, तेवढाच अपवाद.

फालतू याचिकांचा प्रश्न खरा आहे. प्रसिद्धीसाठी कोर्टात जाणारेही आहेत. पण त्यांना दंड करण्याचा अधिकार न्यायालयांना आजही आहे. त्यासाठी माणूस कसा वागला ते तपासावे लागते. तो हरला एवढे पुरत नाही. प्रामाणिकपणे भांडून हरणे हा गुन्हा नव्हे.

तिजोरीची खरोखर काळजी असेल, तर सरकारने उलट दिशेने सुरुवात करावी. निवृत्तिवेतनासारख्या साध्या हक्कासाठीही सरकार म्हाताऱ्या माणसांना एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात फिरवते. अशी हरलेली अपिले कुणाच्या सहीने दाखल झाली, त्यावर किती फी गेली, हे सरकारने दरवर्षी जाहीर करावे. जनतेच्या पैशाचा हिशेब तिथून सुरू होऊ द्या. संविधानाच्या कलम ३२ ने दिलेल्या दारावर तिकीट लावायचा अधिकार मात्र कुणालाच नको.