मावशींचं चित्र किती मोठं असावं?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर रूममधल्या दोघी आधी पोट धरून हसल्या. ‘ऱ्हस्व-दीर्घ कोण तपासणार गं?’ तपासणारे तपासतील! पण हे मला मराठीतच लिहायचंय, कारण ज्यांच्यावरून विषय सुचला त्या आमच्या मेसच्या मावशी इंग्रजी विभाग वाचणार नाहीत.

झालं असं की, गॅदरिंगच्या चित्रप्रदर्शनासाठी माझ्या रूममेटने पोळ्या लाटणाऱ्या मावशींचं पेन्सिल ड्रॉइंग केलं. अख्खा इंपीरियल शीट वापरून! प्रदर्शन लावणाऱ्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, ‘चित्र छान आहे, पण एवढं मोठं कशाला? पाहुणे येणार आहेत. या मापात मेन बिल्डिंग काढ, आणि हे छोट्या कागदावर चालेल.’ तिने ऐकलं नाही. मग चित्राला दाराच्या मागे जागा मिळाली, चपला काढतात तिथे.

‘छान आहे’ आणि ‘एवढं मोठं कशाला’ ही दोन वाक्यं एकाच तोंडातून कशी येतात, हे मला कळेना. त्याचं उत्तर मला फ्रान्समध्ये सापडलं. म्हणजे लायब्ररीत, पण फ्रान्सबद्दल.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ‘सलोन’ नावाचं मोठं सरकारी प्रदर्शन भरायचं. तिथे कोणतं चित्र किती मोठं असावं याचा एक ठरलेला रिवाज होता. देव, राजे, लढाया यांना भिंतभर कॅनव्हास. शेतकरी, स्वयंपाकघर, बाजार असल्या विषयांना छोटी फ्रेम. गुस्ताव कूर्बे हा ओर्नां नावाच्या गावातून आलेला चित्रकार. त्याने 1850-51 च्या सलोनमध्ये आपल्या गावातल्या एका अंत्ययात्रेचं चित्र लावलं. माप ऐका: सुमारे 3.15 मीटर उंच आणि 6.6 मीटर लांब. आमच्या रूमच्या कुठल्याच भिंतीवर ते मावणार नाही! त्यात चाळीसहून जास्त माणसं, साधारण खऱ्या माणसाएवढी. कोणी रुमालाने डोळे पुसतंय, कोणी भलतीकडेच बघतंय, आणि समोर एक कुत्रा, त्याचंही लक्ष नाही. खड्डा अगदी चित्राच्या खालच्या कडेला, अर्धवट कापलेला, म्हणजे बघणारा जवळजवळ त्याच्या काठावरच उभा. स्वर्ग उघडलाय, देवदूत उतरतायत, असलं काही नाही. लोक भडकले. चेहरे कुरूप आहेत, विषय क्षुल्लक आहे वगैरे. पण मला वाटतं खरा राग मापाचा होता. ही माणसं आठ इंचांची असती तर त्याच लोकांनी कौतुक केलं असतं.

आणि वेळ बघा. 1848 मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, राजा गेला, सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळाला. (बायकांना नाही. असो.) म्हणजे गावातला जो माणूस कालपर्यंत कोणाच्या हिशोबात नव्हता, तो आता मतदार झाला होता आणि वर सलोनच्या भिंतीवर पुरुषभर उंच उभा होता. पॅरिसच्या साहेबलोकांना धडकी भरणारच.

त्याच सलोनमध्ये कूर्बेचं ‘दगडफोडे’ हेही चित्र होतं, 1849 चं. रस्त्यासाठी खडी फोडणारा एक म्हातारा आणि एक पोरगा. त्याला ते रस्त्यावर दिसले आणि त्याने त्यांना स्टुडिओत बोलावलं. हे चित्र 1945 मध्ये महायुद्धात जर्मनीत नष्ट झालं, आता फक्त फोटो बघायचे. सगळे या चित्राची जास्त स्तुती करतात. मला मात्र अंत्ययात्राच आवडते. ‘दगडफोड्यां’त दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. म्हाताऱ्यावर टोपीची सावली, पोरगा पाठमोरा. कष्ट दिसतात, माणूस दिसत नाही. अंत्ययात्रेत गावातल्या खऱ्या लोकांनी येऊन पोझ दिली होती. बघणारा ‘अरे, हा तर आपला अमुक’ म्हणू शकत होता. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आमच्या शाळेच्या जिन्यातही असं एक चित्र होतं. शेतात माना खाली घालून उभे असलेले दोघं, फ्रान्स्वा मिलेचं ‘अँजेलस’. दहा वर्षं मी ते फक्त प्रार्थनेचं चित्र समजत होते. त्यांच्या पायाशी बटाट्यांची टोपली आहे, हे मला परवा लायब्ररीत दिसलं! मिलेच्याच 1857 च्या ‘सरवा वेचणाऱ्या’ या चित्रात तीन बायका वाकून सांडलेली कणसं उचलतायत आणि मागे दूर धान्याचे ढीग. तेवढ्यावरसुद्धा काहींना बंडाचा वास आला.

कूर्बे काही संत नव्हता, हेही सांगते. स्वतःवर भलताच खूश माणूस. 1855 च्या जागतिक प्रदर्शनात त्याची मोठी चित्रं नाकारली, तेव्हा पठ्ठ्याने शेजारीच स्वतःचा मंडप टाकून ‘रिॲलिझम’ असं नाव देऊन चाळीसेक चित्रं मांडली. त्यात मध्यभागी कोण? स्टुडिओत बसून चित्र काढणारा कूर्बेच! पुढे पॅरिस कम्यूनमध्ये पडला, तुरुंगात गेला, 1877 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला.

पहिल्या वर्षी ड्रॉइंगच्या प्रत्येक शीटवर स्केल लिहायला लावायचे. न लिहिल्यास मार्क कट. मला वाटतं प्रदर्शन लावणाऱ्यांनाही एक स्केल पाठ असतं, फक्त ते कुठे लिहिलेलं नसतं. मेन बिल्डिंग एकास एक, मावशी एकास दहा. हे स्केल कोणी ठरवलं, एवढंच मला त्यांना विचारायचंय. आणि या अंकातले फोटोही याच स्केलने लावणार का, हे आमच्या संपादकांना.

प्रदर्शन संपल्यावर ते चित्र आम्ही मेसमध्ये लावलं. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. आम्हाला वाटलं आता डोळ्यांत पाणी वगैरे येणार.

‘अगं, चष्मा कुठाय माझा?’ त्या म्हणाल्या. ‘आणि पोळी अशी वाकडी लाटते होय गं मी?’

रूममेट खोडरबर घेऊन बसलीय. चष्मा झालाय. पोळी मात्र ती गोल करायला तयार नाही.