विश्लेषण : थंडीत मुले घरात, वर्कशीट कशाला, मटार सोलू द्या!

डिसेंबर-जानेवारीत राज्याच्या अनेक भागांत सकाळ-संध्याकाळ लहान मुलांना बाहेर सोडणे कठीण होते. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मुंबई-पुण्यात थंडी तेवढी नसते, पण हवा खराब असते. त्यामुळे तीन ते सहा वर्षांची मुले घरात राहतात, आणि घरात त्यांच्या हाताला सगळ्यात आधी लागतो तो मोबाइल. तो काढून घेतला की पालक शोधू लागतात ते ‘विंटर अॅक्टिव्हिटी’चे व्हिडीओ, छापील वर्कशीट आणि हजार-दीड हजारांचे किट. या खर्चाची खरेच गरज आहे का?

मुलांना घरात किती वेळ ठेवावे?

दिवसभर तर मुळीच नाही. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, तर वरचा थर तुलनेने उबदार राहतो. त्यामुळे धूर आणि धूळ वर जाऊ न शकता खालीच साचून राहतात. सूर्य वर आला की हवा ढवळली जाते आणि हा थर विरतो. म्हणून प्रदूषित शहरात सकाळी सातला मुलाला बागेत नेण्यापेक्षा उन्हे वर आल्यावर नेणे शहाणपणाचे. सर्दी होते ती विषाणूंमुळे, आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत ते अधिक सहज पसरतात. ‘थंडी आहे, घरातच बस’ हा उपाय त्यामुळे अर्धवट ठरतो. प्रश्न आहे तो सकाळ आणि संध्याकाळच्या तीन-चार तासांचा.

राज्यात २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय झाला. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू होता. जिथे त्याची अंमलबजावणी झाली, तिथे सकाळचा हा मोकळा वेळ आणखी वाढला आहे.

मोबाइलबाबत मर्यादा काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाला एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसून काढू नये. त्याहून कमी तर अधिक चांगले. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यातली ६० मिनिटे दमवणारी असावीत, असेही त्यात म्हटले आहे. हा दुसरा आकडा पालकांच्या गटांत फारसा फिरत नाही. मोबाइल बंद करून मुलाला तास-तास रंगकामाच्या पुस्तकासमोर बसवले, तर पडदा गेला, पण बसणे तसेच राहिले.

मग वर्कशीटला हरकत का?

कारण तीन-चार वर्षांच्या मुलाचे शिक्षण ठिपके जोडून होत नाही. पायाभूत स्तरासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२२ मध्ये आला. तीन ते आठ या वयोगटात खेळ, वस्तू हाताळणे, गोष्टी आणि गप्पा यांतून शिकवावे, यावर त्याचा भर आहे. महाराष्ट्राला यात नवे असे काही नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि शिंपले, पाने, बिया, खडे अशी परिसरातली साधने मुलांच्या हाती आली. आज त्याच कल्पना प्लॅस्टिकच्या डब्यात घालून विकल्या जातात.

किट विकत घेणाऱ्या पालकांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आपण मुलाला काही देत नाही, ही टोचणी त्यामागे असते. पण किट आणले की पालक मुलाशेजारून उठतात, हा खरा तोटा. दाण्यांच्या परातीसमोर बसले की गप्पा होतातच.

घरात नेमके काय आहे?

हिवाळ्यातले मराठी स्वयंपाकघर हेच मुळात बालवाडीचे साहित्य आहे. मटार, पावटा, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे असे सगळे याच दिवसांत येते. शेंग उघडण्याआधी ‘आत किती दाणे असतील?’ असे विचारावे. अंदाज, मोजणी आणि पडताळा एका शेंगेत होतात. मटारच्या शेंगेत सहा-आठ दाणे निघतात, घाट्यात मात्र एक किंवा दोनच. हा फरक मूल स्वतःच शोधते. घाट्यांवरची आंब बोटाला लागून जिभेवर आंबट लागते, हेही तेव्हाच कळते. शेंग सोलताना अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट होते, तीच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडते.

खोबरेल तेलाची बाटली तर थंडीतली प्रयोगशाळाच. हे तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजते. दोन लहान वाट्यांत थोडे थोडे घेऊन एक उन्हात आणि एक सावलीत ठेवली की कोणते आधी पातळ होते, ते मूल धावत येऊन सांगते. शेजारी शेंगदाणा तेलाची वाटी ठेवली तर ते का थिजले नाही, हा प्रश्न आपोआप येतो. त्याचे उत्तर लगेच देण्याची घाई नको.

विरजणाचेही तसेच. थंडीत दही उशिरा लागते, म्हणून आज्या भांडे पंचात किंवा शालीत गुंडाळून ठेवत. एक वाटी ओट्यावर आणि एक गुंडाळून ठेवावी, सकाळी दोन्ही पाहाव्यात. शालच गरम असते, असे बहुतेक मुलांना वाटते. ती फक्त दुधाची ऊब धरून ठेवते, हे समजायला दोन-तीन वेळा तोच खेळ करावा लागतो. करू द्यावा. भिजवलेल्या मुगाला मोड यायलाही या दिवसांत जास्त वेळ लागतो. रोज सकाळी फडके उघडून पाहणे हे वाट पाहण्याचेही शिक्षण आहे.

गणितासाठी चिंचोके पुरेसे आहेत. एकी-बेकी, दहा-दहाचे ढीग, अष्टाचंगपे. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना आधी एकक येतो आणि मग दशक. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील ‘वीस एक’ या पद्धतीवरून मोठा वाद झाला तो यामुळेच. दोन ढीग आणि वर एक चिंचोका असे हाताने मांडलेले मूल या गोंधळातून लवकर सुटते, मग शब्द कोणताही असो.

ऊन घरात येत असेल तर?

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. फरशीवर खडूने उन्हाची कडा आखावी आणि तासाभराने पुन्हा आखावी. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी माणसाची सावली त्याच्या उंचीच्या सुमारे नऊदशांश असते, नागपुरात जवळजवळ उंचीइतकीच. गॅलरीत किंवा गच्चीवर मुलाला उभे करून दोरीने सावली मोजता येते. मे महिन्यात तीच दोरी पुन्हा काढावी. तेव्हा सावली पायाशी गोळा झालेली असेल.

काळजी कोणती?

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती शेंगदाणे, चिंचोके, मणी, कोरडे वाटाणे देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्याहून मोठी मुलेही दाण्यांशी खेळत असताना मोठे माणूस शेजारी हवे. बंद खोलीत शेगडी किंवा शेकोटी पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो.

हे करायचे कोणी?

अडचण इथे आहे. असे सल्ले नेहमी आईला दिले जातात. तिने सकाळी डबा करायचा, कामावर जायचे आणि वर मुलाला दह्याचा प्रयोगही दाखवायचा. ज्या घरात एकच खोली आहे आणि दोघेही बारा-बारा तास बाहेर आहेत, तिथे तर हा सगळा मजकूर चैनीचा वाटेल. अशा मुलांसाठी अंगणवाडी नीट चालणे हाच उपाय आहे आणि ती जबाबदारी शासनाची. ती घरगुती युक्त्यांवर ढकलता येणार नाही.

ज्या घरांत वेळ आहे, तिथे मात्र त्याची वाटणी बदलावी लागेल. लहान मूल एका खेळात दहा-पंधरा मिनिटेच रमते, आणि तेवढा वेळ बाबांकडेही असतो. रविवारी सकाळी पेपर वाचता वाचता परात पुढ्यात घेऊन मटार सोलायला बसता येते. निम्मे दाणे मूल तोंडात टाकेल, काही जमिनीवर सांडतील. सांडलेले त्याच्याकडूनच मोजून उचलून घ्यावेत.