कर्दळ लावा, पण पाणी तपासा



कर्दळ, वाळा, हेलिकोनिया अशी शोभेची झाडे सांडपाण्याच्या वाफ्यात लावून पाण्यात उतरलेली औषधे काढून टाकावीत, हा विचार हल्ली वरचेवर कानी येतो. मी या विचाराच्या बाजूचा आहे, म्हणूनच तो ज्या सैलपणे मांडला जातो त्याला माझा विरोध आहे. कोणते औषध, किती प्रमाणात, आणि झाडात गेल्यावर त्याचे पुढे काय, हे कोणी सांगत नाही. फुललेल्या वाफ्याचे छायाचित्र मात्र न चुकता छापून येते.

आपण घेतलेली गोळी सगळीच्या सगळी अंगात जिरत नाही. मधुमेहावरची मेटफॉर्मिन तर शरीरात मोडतच नाही. ती जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. घराघरांतून ती गटारात जाते आणि तिथून नदीत. १०४ देशांतल्या २५८ नद्यांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तपासलेल्या १,०५२ ठिकाणांपैकी सुमारे एक चतुर्थांश ठिकाणी किमान एका औषधाचे प्रमाण सुरक्षित मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपली मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे औषधांचे हे अंश काढण्यासाठी बांधलेलीच नाहीत.

वाफ्याची रीत साधी आहे. खडी-वाळूच्या थरातून पाणी संथ सोडायचे आणि त्यात झाडे लावायची. मुळांवर जिवाणूंचा थर धरतो, मुळे त्याला प्राणवायू पुरवतात आणि बरेचसे काम हे जिवाणूच करतात. काही औषधे झाड स्वतः शोषून घेते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केले. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अशा वाफ्यात चांगल्यापैकी मोडतात. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे काही खरे नसते. फिट्सवर दिले जाणारे कार्बामाझेपिन तर फारसे हटतच नाही, आणि जेवढे झाडात चढते त्यातले पुष्कळसे पानांत साठून राहते. ‘झाडे औषधे काढतात’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे.

माझा आग्रह आहे तो या पानांबद्दल. शोभेच्या झाडांचा मोठा गुण म्हणजे ती कोणी खात नाही. भाजी किंवा चारा अशा पाण्यावर वाढवण्यापेक्षा कर्दळ लावणे शहाणपणाचे, ते याचसाठी. फुले विकून वाफ्याच्या देखभालीला थोडा हातभार लागला तर उत्तमच. पण आपल्या गावांत कापलेला हिरवा पाला टाकून दिला जात नाही. तो शेळीपुढे जातो, नाहीतर खतात. औषध आपण ठरवलेल्या वाटेने जात नाही, हे गिधाडांनी आपल्याला शिकवले आहे. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती २००६ मध्ये, बहुतेक पक्षी गेल्यानंतर. पानांतले प्रमाण त्या मानाने अल्प असेल, तरीही कापणी कधी करायची आणि पाला कुठे न्यायचा हे लिहून ठेवल्याशिवाय एकही वाफा सुरू करू नये.

जागेचा हिशेबही मांडायला हवा. आपल्या उष्ण हवेतसुद्धा अशा वाफ्याला माणशी साधारण एक ते दोन चौरस मीटर जागा लागते. चाळीस लाख वस्तीच्या शहराला कमीत कमी चारशे हेक्टर! महानगराच्या नाल्यात झाडांचे चार तरंगते ताफे सोडून नदी औषधमुक्त होणार नाही. रुग्णालय, वसतिगृह, गृहसंकुल, लहान नगरपालिका इथे मात्र हा मार्ग खरोखर परवडणारा आहे.

त्यातही सुरुवात रुग्णालयांपासून व्हावी. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रुग्णालयाच्या सांडपाण्यासाठी बीओडी, सीओडी या सेंद्रिय घाण मोजणाऱ्या निकषांच्या मर्यादा आहेत. त्या पाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशीही अट आहे. औषधांची मर्यादा मात्र एकही नाही. प्रतिजैविकाचा अंश मासा मारत नाही, तो औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढवतो. या चाचणीत हे दिसणार कसे?

कारखान्यांचे पाणी ही तर वेगळीच गोष्ट. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे सामुदायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या, म्हणजे प्रक्रिया झालेल्या पाण्यात, लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सापडल्याचे २००७ मध्ये जगापुढे आले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. तिथे कर्दळीचे नाव काढणे म्हणजे कारखानदाराला पळवाट देणे. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा काढला होता; ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या मर्यादा गायब झाल्या. तारापूर, कुरकुंभ, लोटे येथे औषधांचे कारखाने असलेल्या महाराष्ट्राने त्या परत आणण्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी. युरोपीय संघाने तर २०२४ च्या निर्देशात असे अंश काढण्याच्या जादा प्रक्रियेचा किमान ८० टक्के खर्च औषध व सौंदर्यप्रसाधन उत्पादकांवर टाकला आहे.

अशा तरतुदी आपल्याकडे येईपर्यंत निदान एवढे करता येईल. राज्यातल्या प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात असा एक वाफा करावा. त्यात येणारे आणि त्यातून बाहेर पडणारे पाणी मेटफॉर्मिन, डायक्लोफेनॅक, कार्बामाझेपिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या चारांसाठी दर तीन महिन्यांनी तपासावे. पानांचीही तपासणी व्हावी आणि आकडे फाटकावरच्या फलकावर लावावेत, चांगले असोत वा वाईट.

आपला,
एक वाचक, पुणे